खिडकीतली निळी बशी

१

हेस्टर टॅप्स्कॉट रोज सकाळी साडेसातला टपालाची सायकल बाहेर काढायची आणि पत्रं वाटता वाटता बशा मोजायची.

थॉर्नीकूममध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं अकरा होती. उठलं की प्रत्येकानं निळ्या नक्षीची बशी स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेला टेकवून उभी करायची आणि दिवेलागणीला काढून ठेवायची. युद्धाच्या आधी एका हिवाळ्यात एक म्हातारा सहा दिवस घरात मरून पडला होता आणि कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासूनचा हा रिवाज. बशी दिसली की समजायचं, माणूस उठलंय. बशी नसेल तर टपाल देणाऱ्यानं दार ठोठावायचंच, पत्रं पडून राहिली तरी बेहत्तर. हेस्टरला गावातले बहुतेक रिवाज मूर्खपणाचे वाटत. हा एक सोडून.

त्या सोमवारी तिनं दहा बशा मोजल्या. अकरावी आता असणार नव्हती, म्हणून चर्चमागच्या गल्लीतल्या शेवटच्या घराकडे बघायचं काही कारण नव्हतं. तरी सवयीनं मान वळली.

बंद घराच्या खिडकीत बशी उभी होती.

तिनं पाय जमिनीला टेकवला. दाराला कुलूप. धुराड्यातून धूर नाही. पायरीवर तीन आठवड्यांचा पालापाचोळा, कुणाच्या पायानं न मोडलेला. आणि काचेआड ती बशी. बशीवर छोटासा पूल, पुलावर तीन माणसं, बाजूला झुकलेलं झाड. पूल अगदी पट्टी लावून आखल्यासारखा आडवा.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा: किती महिन्यांनी सरळ ठेवलीय.

मग आठवलं, की ठेवणारी मेलीय.

२

त्या घरातल्या मिस लव्हीबाँड म्हणजे गावच्या शाळेच्या मास्तरीणबाई. सदतीस वर्षं शिकवलं, तेव्हा सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. हेस्टरला कॉलेजात पाठवायला मॉड आत्या तयार नव्हती, तेव्हा बाईंनी आत्याच्या टपाल कचेरीत तीन दिवस रोज येऊन खुर्ची टाकली होती. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, घेऊन जा एकदाची, पण ती खुर्ची सोडा. हेस्टर आज जे काही दोन शब्द नीट मांडू शकत होती, ते त्या खुर्चीमुळे.

कॉलेज संपलं, नोकरी मिळेपर्यंत ती गावी आली, आणि आत्याचे गुडघे धरले म्हणून टपालाची फेरी तिच्याकडे आली. वसंतापासून बाईंची बशी जराशी कलती दिसायची. पूल चढणीला लागल्यासारखा. हेस्टर मनात हसायची, बाई म्हाताऱ्या झाल्या. शाळेत असताना वहीची समासाची रेघ सुतभर हलली तर याच बाई पान फाडायला लावत.

तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी संध्याकाळी बाई जिन्यावरून पडल्या. मंगळवारी सकाळी हेस्टर सायकलवरून गेली, बशी दिसली, पुढे गेली. बुधवारी सकाळी बशी दिसली, पुढे गेली. बुधवारी दुपारी एक पार्सल सहीसाठी घेऊन आली तेव्हा दार कुणी उघडेना. शेजारच्या मिस्टर पास्ककडे किल्ली असायची. दोघं आत गेले. बाई जिन्याच्या सहाव्या पायरीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, जाऊन काही तासच झालेत. मंगळवारी कुणी आलं असतं तर वाचल्या असत्या.

चौकशीत विचारलं गेलं, बशी कुठे होती? हेस्टर म्हणाली, खिडकीत. डॉक्टर म्हणाले, मी आलो तेव्हा कपाटात होती. मिस्टर पास्कनी हातातली टोपी फिरवत सांगितलं, डॉक्टर आले तेव्हा कपाटात होती. निकाल अपघाती मृत्यूचा लागला. गावानं आपला निकाल वेगळा लावला: पोरीनं बघितलंच नाही. तिची फेरी काढून घ्यायची का, यावर शुक्रवारी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये बैठक होती.

"कॉलेजात जाऊन एवढी पुस्तकं वाचलीस," मॉड आत्या म्हणाली, "आणि हातभर खिडकीतली बशी दिसली नाही तुला."

"होती ती बशी, आत्या."

"असती तर दिसली असती सगळ्यांना."

फेरी गेली असती तर हेस्टरला दुःख नव्हतं. तिला खात होतं ते वेगळंच. रोज तेच बघणारा डोळा नसलेलंही बघतो. आपण खरंच बशी पाहिली होती, की पाहायची सवय पाहिली? आपल्याला माणूस करणाऱ्या बाई जिन्यावर हाका मारत होत्या आणि आपण शीळ घालत पुढे गेलो? याचं उत्तर तिला स्वतःलाच देता येत नव्हतं.

३

बंद घरातली बशी बघून ती सरळ मिस्टर पास्ककडे गेली. पास्क चौऱ्याहत्तर वर्षांचे, अविवाहित, चर्चच्या घड्याळाला किल्ली देणारे. कुंपणापलीकडून कुणी बाईमाणूस दिसलं तरी डोक्यावरची टोपी काढायचे. ते मुकाट्यानं किल्ली घेऊन आले.

घरात थंडी आणि साबणाचा वास. जिन्याकडे दोघांनीही बघितलं नाही. पास्कनी बशी पाहिली आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला.

"भाचा आला असेल," ते म्हणाले.

"बाईंचा भाचा कॅनडात असतो, मिस्टर पास्क."

त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवली, अगदी मागच्या फळीवर. हेस्टरनं ती किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. दुसरी किल्ली शहरात वकिलाकडे होती. आता बघू, असं तिनं मनाशी म्हटलं. तिचा संशय पास्कवरच होता, आणि तो तिनं फारसा लपवलाही नाही.

मंगळवारी सकाळी बशी खिडकीत होती. पूल आडवा.

कचेरीत तिकिटांच्या तावांच्या कडेला डिंक लावलेली कोरी पट्टी उरते. दुपारी हेस्टरनं आत जाऊन बशी पुन्हा कपाटात ठेवली, बाहेर येऊन तशा दोन पट्ट्या फाडल्या, जिभेनं ओल्या केल्या आणि एक पुढच्या दाराच्या फटीवर, एक मागच्या मोरीच्या दारावर चिकटवली. प्रत्येकीवर स्वतःची सही केली. दार उघडलं तर पट्टी फाटलीच पाहिजे.

बुधवारी दोन्ही पट्ट्या शाबूत होत्या. बशी खिडकीत होती.

हेस्टर काचेजवळ उभी राहिली. काचेच्या आतल्या बाजूला, बशीच्या कडेला, ओलसर बोटांचे ठसे होते, बशी जरा जरा सरकवून सरळ करताना उमटावेत तसे. ती बघत होती तोवर ते वाळून गेले. घर जुनं आहे, ओल असते, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ओल बोटांच्या टोकांएवढी नसते, हेही तिला माहीत होतं.

भीती वाटली. आणि भीतीच्या मागून, वेड्यासारखी, एक ऊबही आली. बशी होती. निदान आता तरी ती डोळ्यांनी बघत होती.

४

गुरुवारी पास्कच्या फाटकाशी एक पांढरी, एका डोळ्यानं आंधळी कोंबडी सायकलच्या चाकापुढे आली. बाईंच्याच कोंबड्या त्या. बाई गेल्यावर पास्कनी आपल्याकडे आणल्या होत्या. हेस्टरनं ब्रेक दाबला आणि तिथेच थांबली.

हीच कोंबडी अशीच चाकापुढे आली होती. बाईंच्या फाटकाशी. तो मंगळवार होता. त्या दिवशी ती कोंबडीला शिवी देऊन पुढे गेली होती. खुराड्याला कोल्ह्याच्या भीतीनं रोज संध्याकाळी कडी लागायची. बाई सोमवार रात्रीपासून जिन्यावर. मग मंगळवारी सकाळी कडी कुणी काढली?

पास्क मागच्या अंगणात दाणे टाकत होते. तिला बघून टोपी काढली.

"बाईंच्या कोंबड्या रोज तुम्ही सोडायचात," हेस्टर म्हणाली. "आणि बशीही तुम्हीच ठेवायचात. कलती. वसंतापासून."

पास्कनी दाण्याचा डबा खाली ठेवला.

"मिस्टर पास्क, मी गेले तीन आठवडे झोपले नाहीये. मला वाटत होतं मला भास झाला. होती ना बशी?"

ते डब्याकडे बघत म्हणाले, "तिचे हात सकाळी वळायचे नाहीत. एक बशी फुटली होती. तिनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही."

"तुम्ही आत जायचात, आणि एकदाही हाक मारली नाहीत?"

"ती वर असायची, पोरी. कपडे झालेले नसायचे." हे सांगताना चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे कान लाल झाले. "मोरीच्या दारातून पाऊल न वाजवता जायचो. बशी ठेवायची, निघायचं; दिवेलागणीला काढायलाही तसाच. बाईमाणसाला त्या वेळी हाक कशी मारायची?"

हेस्टरला ओरडावंसं वाटलं. या गावानं माणसं थंडीनं मारली नव्हती, तापानं मारली नव्हती, सभ्यतेनं मारली होती. बाई अर्ध्या जिन्यावर, आणि हा माणूस दहा पावलांवर चवड्यांवर चालत बशी ठेवतोय, म्हणजे त्यांना जाग येऊ नये. आणि बुधवारी तिला डॉक्टरकडे धाडून यानंच ती बशी कपाटात सारली होती; मग टोपी फिरवत एक अक्षरही खोटं न बोलता तिला तोंडघशी पाडलं होतं.

"उद्या बैठकीत सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन. आणि आताची बशी? तीही तुम्हीच?"

"माझ्याकडे मोरीची किल्ली आहे, खुराड्यात टांगलेली असते," पास्क म्हणाले. "पण मी बाई गेल्यापासून आत पाऊल टाकलेलं नाही. तुझ्याबरोबर आलो तेवढंच. देवाशपथ."

मोरीच्या दारावरची पट्टी शाबूत होती. आणि पास्कना बशी सरळ ठेवता येत नव्हती. हेस्टरनं दोन्ही गोष्टी एकापुढे एक ठेवल्या आणि पुढे विचार करायचा नाही असं ठरवलं.

५

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. पास्कच्या खिडकीत त्यांची बशी होती. पुढे बाईंचं घर. खिडकी रिकामी.

हेस्टरला सुटल्यासारखं वाटलं. संपलं, म्हणून ती पॅडल मारून पुढे गेली. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे तिचा पाय आपोआप थांबला.

बशी नसेल तर दार ठोठावायचं.

रिकाम्या घराचं? तिनं स्वतःलाच विचारलं. मेलेल्या माणसाचं? कुणी बघितलं तर म्हणतील, आधी आंधळी होती, आता वेडी झाली. पण चार दिवस ती बशी मोजत होतीच की. दहा नाही, अकरा. मोजायच्या वेळी मोजायची आणि नसेल तेव्हा रिकामं घर म्हणायचं, असं चालणार नव्हतं. एकदा ती या घरावरून पुढे गेली होती.

ती सायकल वळवून परत आली आणि तिनं दार ठोठावलं. तीनदा, रिवाजाप्रमाणे.

आत काहीतरी बारीक वाजलं. चिनी मातीवर चिनी माती टेकावी तसं.

तिनं खिडकीशी जाऊन काचेला कपाळ लावलं. आत धुक्याचाच उजेड. मोरीच्या कट्ट्याशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. तपकिरी लोकरी जाकीट, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. फडकं पिळायचा प्रयत्न चालला होता. पण बोटं वळत नव्हती, म्हणून दोन्ही मनगटांमध्ये धरून दाबलं जात होतं. मग मान हळूहळू वळायला लागली. हेस्टरच्या श्वासानं काच धुरकटली. तिनं बाहीनं पुसली.

कुणी नव्हतं.

त्या क्षणी ती पळाली असती. कुणीही पळालं असतं. पण आतून, जिन्याच्या बाजूनं, एक माणूस कण्हला. ते कण्हणं पुरुषाचं होतं आणि जिवंत होतं.

६

खिशातल्या किल्लीनं दार उघडून ती आत धावली. पास्क सहाव्या पायरीवर आडवे होते. खुबा मोडला होता, ओठ निळे पडले होते. हेस्टरनं आपला कोट त्यांच्यावर घातला, रस्त्यावरून जाणाऱ्या पाववाल्याला डॉक्टरकडे धाडलं आणि त्यांचा हात धरून पायरीवर बसली. मोरीच्या दारावरची तिची सही मधोमध फाटलेली होती.

"काल संध्याकाळी आलो," पास्क म्हणाले. तुटक तुटक, पण शुद्धीवर. "तू म्हणालीस ना, हाक मारली नाहीत. मला बघायचं होतं, इथून हाक मारली तर मोरीत ऐकू जाते का. तिनं मारली असणार. मी बहिरा नाही. मला ऐकू यायला हवी होती." त्यांनी ओठ ओले केले. "इथे उभा राहून हाक मारली. लव्हीबाँड, ऐकू येतं का? आणि खालून बशी ठेवल्याचा आवाज आला. दचकलो. पाय गेला."

"रात्रभर इथेच होतात?"

"ओरडलो. मग आवाज बसला. मग आठवलं, माझ्या घरातली बशी कालची तशीच उभी आहे, काढायची राहिली. तू बघशील आणि पुढे जाशील." ते हसल्यासारखे झाले. "म्हटलं, बरोबर आहे. हेच होणार. हाच न्याय."

ती पुढे गेलीच होती. पास्कच्या बशीवरून ती मघाशीच पुढे गेली होती.

"उजाडल्यावर चपला वाजल्या," पास्क कुजबुजले. "सावकाश. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत. तिथे बराच वेळ खटपट. हात वळत नव्हते, म्हणून. मग नळ. मला वाटलं तूच आलीस. पण तू ठोठावलंस ते नंतर." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "तिनं काढली, पोरी. तू थांबावंस म्हणून. मी तिला मारलं, आणि तिनं माझ्यासाठी बशी काढली."

डॉक्टर यायच्या आधी हेस्टर एकदा उठून मोरीत गेली. बशी वाळत ठेवली होती. तिच्या कडेवरून एक थेंब ओघळला, मग दुसरा. कट्ट्यावर फडकं होतं, अर्धवट पिळलेलं.

तिला खूप राग यायला हवा होता. जिन्यावरच्या माणसाचा, गावाचा, सगळ्यांचा. तिनं शोधून बघितला. होता, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, जड आणि ऊबदार, जसा शाळेत पाठीवर बाईंचा हात पडायचा.

"आले मी, बाई," ती मोरीच्या रिकाम्या कट्ट्याला म्हणाली. "या वेळी थांबले."

७

संध्याकाळची बैठक फार चालली नाही. पास्कनी दवाखान्यात नेण्याआधी डॉक्टरच्या वहीच्या पानावर चार ओळी लिहून सही केली होती; त्या मॉड आत्यानंच वाचल्या, कारण वाचायला दुसरं कुणी पुढे होईना. बशी खिडकीत होती, दोन्ही सकाळी, मी ठेवली होती, नंतर मीच लपवली. मुलगी खरं बोलली. क्षमा कुणी मागितली नाही. थॉर्नीकूममध्ये ती मागत नाहीत, आणून ठेवतात. शनिवारी सकाळी कचेरीच्या पायरीवर दोन केक, एक मधाची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेली सहा अंडी होती.

"पुस्तकं वाचून दिसतं म्हणायचं तर," आत्या अंडी उचलत म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा जास्त निघणार नव्हतं, आणि हेस्टरला ते पुरलं.

एक नवा रिवाज तिनं बैठकीत भांडून पदरात पाडून घेतला. बशी दिसली तरी हाक मारायची, आणि आतून उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली: सकाळी सकाळी, कपडेही झालेले नसताना. मारू दे हाक, असा शेवटी दवाखान्यातून निरोप आला, तो पास्कचा होता. डिसेंबरात ते काठी टेकत घरी आले. रोज पावणेआठला तिची हाक ऐकून खिडकीतून टोपी काढतात आणि 'उठलोय, बाई, उठलोय' म्हणून ओरडतात.

कॅनडातल्या भाच्यानं लिहिलं, घर विकतोय, आठवण म्हणून हवं ते घेऊन जा. हेस्टरनं बशी घेतली.

आता ती कचेरीवरच्या तिच्या खोलीच्या खिडकीत असते. वकिलाचा माणूस कपाटं मोजायला बाईंच्या घरात गेला, तेव्हा त्याला तिथे काहीच वेगळं वाटलं नाही. घर अगदी रिकामं आहे म्हणाला. हेस्टरला ते ठाऊक होतं.

रात्री झोपण्याआधी ती बशी काचेला टेकवून ठेवते. मुद्दाम कलती, पूल चढणीला लागेल अशी. सकाळी उठल्यावर लगेच खिडकीकडे बघत नाही. आधी केस विंचरते, बूट चढवते, थोडा वेळ पाठमोरीच उभी राहते, म्हणजे खोलीत कुणाचं काम राहिलं असेल तर होऊन जावं. मग वळते.

पूल पट्टी लावून आखल्यासारखा आडवा असतो, आणि बशीच्या कडेला काचेवर ओलसर ठसे वाळत असतात.

"उठलेय, बाई," हेस्टर म्हणते आणि सायकल काढायला खाली जाते.